बिनवासाचं तेल

६ सप्टेंबर

ठकीने ही वही दिली आणि म्हणाली, "आई, तू दिवसभर जे बोलतेस ना, त्यातलं अर्धं यात लिही. बाबांच्या कानांना तेवढीच सुट्टी." लग्न होऊन सासरी गेली तरी जीभ आहे तशीच आहे. माझीच लेक, दुसरं काय होणार!

तर लिहिते. शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं. आता मुलांना गाडीतून शिजलेलं अन्न येतं आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. घरी बसून काय माश्या मारू? खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंशी बोलले. त्यांचंही शिवणकाम हल्ली मंदच आहे. ठरलं ते असं की मी डाळ निवडायची, उन्हात वाळवायची, तेल चोळून ठेवायची आणि त्यांनी भरायला कापडी पिशव्या शिवायच्या. तेल चोळलेल्या डाळीला किडा लागत नाही, हे मला माझ्या आईने शिकवलंय. बाजारातली डाळ किड्यासाठी कसली कसली पावडर मारलेली असते. ती खाऊन कुणाचं भलं झालंय?

मुख्य गोष्ट शेवटी लिहिते, कारण लिहायचीही भीती वाटते. ठकीला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे. मागच्या खेपेला चौथ्यातच हातचं गेलं आणि त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, ते मी पाहिलंय. या वेळी काही होता कामा नये. तिचं गाव बसने दोन तासांवर. मला तिथे जाऊन बसता येत नाही, पण तिच्या ताटात काय पडतं ते तर बघता येईल ना?

१९ सप्टेंबर

नाक कापलं गेलं. पहिल्या खेपेच्या पिशव्या लोकांनी परत आणून दिल्या. डाळ खवट झाली होती. उकाडा काय पडला होता, तेल फिरलं. शाळेतल्या जुन्या बाई नाकाला रुमाल लावून आल्या, जणू मी त्यांना मेलेला उंदीर दिला होता.

शिंपीणबाई म्हणाल्या, "वहिनी, तेलच नको. नुसतीच विकू."

"मग किडे पडतील."

"मग आपण कशाला पडलो यात!"

त्यांचंही बरोबर आहे. बिचारीने डोळे फोडून पिशव्या शिवल्या. मी सगळी डाळ आमच्या अंगणातल्या कोंबड्यांना घातली. कोंबड्यांनी मात्र तक्रार केली नाही.

२३ सप्टेंबर

आज हे कामावरून आले ते हातात डबा घेऊन. ह्यांच्या कारखान्यात विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला येतात. ते उघडायचे, आतलं तेल काढायचं, गाळायचं, नवं भरायचं, हे ह्यांचं काम. जन्म तेलात गेला ह्यांचा. शर्ट धुऊन धुऊन माझे हात दुखायचे.

"वास घे," हे म्हणाले.

घेतला. कसलाच वास नाही. रंग नाही. पाणीच वाटावं.

"हे खवट होत नाही. ज्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलंय तो ठकीच्या जन्माआधीचा आहे. इतकी वर्षं आत तापतंय आणि बघ, जसंच्या तसं."

"अहो, पण हे खायचं असतं का?"

"तुझ्या दुकानातल्या तेलात काय काय मिसळलेलं असतं, ते तुला माहीत आहे? ह्यात पाण्याचा थेंब चालत नाही. धुळीचा कण चालत नाही. वीज सोडून तपासतात, ठिणगी पडली की नापास. ह्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला हात लावायचा तर आम्हाला रबरी हातमोजे घालायला लावतात, हाताचा घाम लागून खराब होऊ नये म्हणून. आता सांग, तुझ्या स्वयंपाकघरात अशी एक तरी वस्तू आहे, जिला हातमोजे घालून शिवतात?"

नव्हती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. चवही नाही, नुसतं बुळबुळीत. ह्यांना तेलातलं नाही कळणार तर कुणाला कळणार? तरी मी विचारलं, "कारखान्यात चालतं का असं आणलेलं?" तर म्हणाले, "जुनं तेल भंगारातच जातं. पण साहेबांच्या कानावर घालायची गरज नाही." मग मीही डबा खाटेखाली सरकवला. कुणाच्या तोंडचं काढून तर आणत नाही आपण.

१५ ऑक्टोबर

चौथा महिना उलटला. ठकीचा फोन आला तेव्हा मी परातीत डाळ चोळत होते. तेलकट हातांनीच फोन घेतला. ती म्हणाली, "आई, गेला गं चौथा," आणि दोघीही रडलो. जावईही मागून काहीतरी म्हणत होते, पण आमच्या रडण्यात त्यांचं कोण ऐकतंय!

डाळीचं म्हणशील तर (मी कुणाशी बोलतेय देव जाणे) नशीब पालटलं. पहिल्या नव्या खेपेतली एकही पिशवी परत आली नाही. मसूर अशी चमकते की शिंपीणबाई म्हणाल्या, दागिना म्हणून गळ्यात घालावी. चोळायची माझी एक रीत आहे. तळहातावर थोडं तेल घ्यायचं, दोन्ही हातांनी डाळ खालून वर घ्यायची आणि दाण्याला दाणा घासू द्यायचा. घाई केली की दाणा फुटतो. फुटलेली कणी कोंबड्यांना.

ठकीची पिशवी मी सगळ्यांत आधी भरते, वरची, निवडक. तिच्याकडे ओल फार, म्हणून तिच्या डाळीला दोनदा तेल चोळते. आणि सगळ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं, की डाळ जास्त धुऊ नकोस, सत्त्व निघून जातं.

१८ नोव्हेंबर

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून बसून उठली. एकही पिल्लू नाही. शिंपीणबाईंनी अंडी फोडून बघितली, तर काहींत पिल्लं तयार होती पण मेलेली, चोची वाकड्या. "दृष्ट लागली," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कोंबडीला कुणाची दृष्ट लागणार, ती काय नटूनथटून फिरते? पण पोटुशी लेक असताना असलं काही बघू नये.

ह्यांच्या मानेवर आणि कानांमागे काळ्या पुटकुळ्या आल्यात. मी म्हटलं, "अहो, या वयात तारुण्य फुटलं की काय?" तर चिडले. ह्यांना चिडवायला मजा येते. दुसरं माझ्याकडे काय आहे करमणुकीला?

१२ डिसेंबर

सकाळी डोळे चिकटलेले असतात. कोमट पाण्याने धुतल्याशिवाय उघडत नाहीत. नखं काळपट दिसायला लागली आहेत. शिंपीणबाईंचंही तेच. त्यांना सुईत दोरा ओवता येईना, मी ओवून दिला. दोघींचा एकच नवा साबण आहे, स्वस्तातला. तो फेकून दिला आणि दुकानदाराला चार शब्द सुनावून आले. तो बिचारा म्हणत होता, "बाकी कुणाची तक्रार नाही हो." म्हटलं, बाकीच्यांना तोंड नसेल.

ठकी म्हणाली की ती फार थकते, पापण्या सुजतात. तिचे डॉक्टर म्हणाले की या दिवसांत असं होतं. होतंच. मला तिच्या वेळी पाय सुजले होते, चप्पल शिरत नव्हती. मी म्हटलं, "डाळ खातेस ना?" तर म्हणाली, "दोन्ही वेळा, आई. तुझी आज्ञा मोडून जाते कुठे?"

९ जानेवारी

गावात साथ आहे. आरोग्य केंद्रात रांग लागते. अंगावर पुटकुळ्या, डोळ्यांतून चिकटा, हातापायांना मुंग्या. म्हणजे साबण नव्हे तर! दुकानदाराची माफी मागायला हवी, पण मागेन सवडीने.

नर्सबाई म्हणाल्या की हे अंगाला लागून येत नाही, पोटातून येतं. नदीपलीकडच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी शेतात शिरतं आणि बाजारातल्या सुट्या धान्यात काहीतरी उतरलंय, असा त्यांना संशय आहे. केंद्राच्या दारावर पाटी लावली आहे: बाजारातलं सुटं धान्य व डाळी तूर्त खाऊ नयेत, खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे.

मी पाटी वाचली आणि खरं सांगते, मनातल्या मनात फुगडी घातली. इतके महिने मी ओरडून सांगतेय की बाजारचं खाऊ नका! तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी.

१७ जानेवारी

दारात रांग. शाळेतल्या बाईसुद्धा, ज्या रुमाल लावून आल्या होत्या, त्या. म्हणाल्या, "तुमच्या हातचं म्हणजे डोळे मिटून घ्यावं." मी म्हटलं, "मिटायला कशाला, चिकटलेलेच आहेत की!" त्या हसल्या आणि मीही हसले. मग बघितलं तर त्यांच्या गालावरही ते काळे ठिपके होते.

शिंपीणबाईंना दिसेनासं झालंय, म्हणून त्यांनी पुतणीला मशीनवर बसवलं. ह्यांनी तेलाचा आणखी एक डबा आणला.

ठकीने बाहेरचं सगळं बंद केलंय. तिच्या गावापर्यंत बातमी गेली. म्हणाली, "आई, मी आता फक्त तुझ्या पिशवीतलंच खाते. हेसुद्धा." तांदळालाही चोळून पाठव म्हणाली, ओलीने जाळी धरते. मी तांदूळही चोळला. जावयांच्या हाती मोठी पिशवी दिली. बस हलेपर्यंत उभी राहिले. केवढा आधार वाटला मला! सगळं जग विषारी झालं तरी माझ्या लेकीचं ताट मी राखलंय.

६ फेब्रुवारी

सरकारी अन्न-तपासनीस आली होती. कोवळी मुलगी, मोठा चष्मा, पायांत धुळीने भरलेले बूट. सगळ्या विक्रेत्यांकडून नमुने घेतेय. माझ्याकडूनही! मला आधी राग आला, मग दया आली. चहा दिला. तिने खोली नीट बघितली, पराती बघितल्या, कोपरे बघितले. खूश झाली. "इतकी स्वच्छ जागा मी या गावात बघितली नाही," म्हणाली.

मग विचारलं, "डाळीला तेल कुठलं लावता?"

मी म्हटलं, "नेहमीचंच."

"खायचं?"

"मग काय अंगाला लावायचं?"

ती हसली आणि लिहून घेतलं. डबा खाटेखाली होता. मी काही खोटं बोलले नाही, तेल शुद्धच आहे. पण कारखान्यातून आणलेलं म्हटलं असतं तर ह्यांची नोकरी गेली असती. एवढ्याशा गोष्टीवरून घर कशाला बुडवायचं? जाताना तिला एक पिशवी दिली. नको नको म्हणत होती, पण इतकी रोडकी मुलगी, मला राहवेना.

२६ फेब्रुवारी

निकाल आला. माझी डाळ पास! त्यांनी रंग तपासला, किड्यांची औषधं तपासली, शिसं तपासलं. काहीही सापडलं नाही. तो कागद मी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. हे म्हणाले, "सांगितलं होतं ना? वीज सोडून तपासलेलं तेल आहे."

ह्यांचे पाय फार दुखतात. जिने उतरताना कठडा धरतात. मला म्हणाले की वय झालं. मी म्हटलं, मग माझं काय झालं? मी तर लहान आहे तुमच्याहून, तरी उठताना गुडघे कुरकुरतात. उगाच कसलीतरी धाकधूक वाटते. बाळंतपण जवळ आलं म्हणून असेल.

१४ मार्च

मुलगा झाला. ठकी सुखरूप आहे. मी पहाटेच्या बसने इथे आले. आता इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.

बाळ फार लहान आहे. हे लिहायला नको वाटतं, पण वहीशी काय लपवायचं. रंग राखेसारखा आहे. काळा नव्हे, सावळा नव्हे, राख फासल्यासारखा. हिरड्या आणि ओठ काळसर. पापण्या चिकटलेल्या आहेत. डॉक्टर दोनदा आले, एकमेकांकडे बघून गेले. ठकीने विचारलं, "आई, असा का गं हा?" मी म्हटलं, "अगं, तुझ्या आजीवर गेला. सासूबाई अशाच होत्या, उजेडात उभ्या राहिल्या तरी दिवा लावावा लागायचा." ती हसली. मग म्हणाली, "आजी गोरी होती, आई. मला आठवते."

२५ मार्च

ठकीच्याच घरी आहे. बाळ दूध पितं, पण ओढायला ताकद नाही, मध्येच थकून झोपतं. दूध मात्र भरपूर आहे. नर्स म्हणाली, आईला चांगलं खायला घाला. मी तिन्ही वेळा डाळ शिजवते, घट्ट, वर भात. ठकीला इच्छा नसते. मी म्हणते, तुझ्यासाठी नको खाऊस, त्याच्यासाठी खा. मग खाते. पुढ्यात बसून भरवते तिला, लहानपणी भरवायचे तशी.

तिची नखं माझ्यासारखीच झाली आहेत. आज दोघींचे हात शेजारी शेजारी दिसले. मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते धरता येईना.

१६ एप्रिल

घरी आले. चष्मेवाली परत आली. चहा घेतला नाही.

म्हणाली, "काकू, मी तुम्ही दिलेली डाळ घरी शिजवली होती. शिजवण्याआधी धुतली. पाण्यावर तवंग आला आणि साबण घातला तरी भांड्याचा गेला नाही. खायचं तेल असं चिकटून राहत नाही. म्हणून मी ती पुन्हा पाठवली, या वेळी तेल तपासायला."

मग तिने पुन्हा तेलाचं विचारलं, आणि मी खाटेखालून डबा काढून दिला. कसा दिला ते माहीत नाही. हात आपोआप गेला.

तिने सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात एक रसायन घालायचे, आगीला घाबरत नाही म्हणून. ते जळत नाही, सडत नाही, खवट होत नाही. पोटात गेलं की अंगातल्या चरबीत जाऊन बसतं आणि तिथेही सडत नाही. हल्ली ते वापरायला बंदी आहे, पण जुन्या तेलात अजून आहे. गावात जेवढे लोक आजारी आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी माझी पिशवी सापडली.

हे दारात उभे राहून ऐकत होते. मुलगी थांबली तेव्हा म्हणाले, "पण हातमोजे..."

ती म्हणाली, "काय?"

"आम्हाला हातमोजे द्यायचे. तेलाला हाताचा घाम लागू नये म्हणून."

ती म्हणाली, "नाही काका. तुमच्या हाताला तेल लागू नये म्हणून."

हे खाली बसले. खुर्चीवर नव्हे, जमिनीवरच. मी ह्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मी रागावले नाही. रागवायला समोर दुसरं कुणी असावं लागतं. परात माझी, हात माझे.

मग मी विचारलं, "माझी लेक बाळंतीण आहे. दूध पाजते."

त्या मुलीने चष्मा काढला. म्हणाली की हे अंगातून सहजासहजी बाहेर पडत नाही. बाईच्या अंगातून बाहेर पडायची मोठी वाट म्हणजे दूध. आई जेवढं पाजते तेवढं तिच्या अंगातलं कमी होतं आणि बाळाच्या अंगात जातं.

"थांबवायला सांगा," म्हणाली. "तिथल्या डॉक्टरांना मी कळवते, पण तुम्ही आधी सांगा. आजच."

मी फोन हातात घेतला आणि ठेवला. असं फोनवर सांगतात का? लेकीला?

१७ एप्रिल

फोन केला. फक्त एवढं सांगितलं की दूध बंद कर, पावडरचं दे आणि माझ्या पिशवीतलं काही खाऊ नकोस. येऊन सांगते. ती म्हणाली, "का? तीच तर एक खात्रीची आहे." मी म्हटलं, "मी येतेय." आणि ठेवला. भेकड आहे मी. गावाला चार शब्द सुनावणारी, आणि स्वतःच्या पोरीला चार शब्द सांगता आले नाहीत.

चष्मेवालीने आधी गावातल्या पिशव्या गोळा करायला लावल्या. कुणाकुणाला दिल्या ते फक्त मलाच माहीत.

१८ एप्रिल

दारोदार फिरले. शिंपीणबाईंची पुतणी बरोबर होती. शिंपीणबाईंना आता माणूस नीट ओळखू येत नाही. मी गेले तर म्हणाल्या, "वहिनी, पिशव्या कमी पडल्या का?" मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "पिशवीचं कापड चांगलं होतं हो." आणि तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक पिशवी द्यायला तयार नाहीत. कोपऱ्यावरचा घड्याळवाला म्हातारा दार लावून घेत होता. "आता टंचाई आहे म्हणून परत नेतेस, आणि दुप्पट भावाने विकशील," म्हणाला.

मी ओरडले, "अहो, विष आहे त्यात!"

"विष तर बाजारात आहे. तूच सांगितलंस."

मीच सांगितलं होतं. शेवटी चष्मेवालीला बोलावून आणावं लागलं. माझ्या खरेपणावर विश्वास ठेवून लोक माझंच ऐकेनात. शाळेतल्या बाईंनी पिशवी दिली, उरलेली भांड्यातली डाळही दिली आणि हात धुऊन दार लोटलं.

सगळ्या पिशव्या एका खोलीत बंद करून कुलूप लावलंय. जाळायच्या नाहीत, पुरायच्या नाहीत, पाण्यात टाकायच्या नाहीत. मग करायचं काय, ते अजून कुणालाच माहीत नाही.

हे सकाळीच कारखान्यात गेले आणि साहेबांना स्वतः सांगून आले. काय झालं ते सांगत नाहीत. परत येताना हातमोजे घेऊन आलेत आणि ते टेबलावर ठेवलेत.

२० एप्रिल

ठकीकडे आहे. सांगून झालं.

ती खिडकीशी बसली होती. ब्लाउज पुढून भिजलेला, कारण दूध अजून येतंय. दर थोड्या वेळाने उठून मोरीत पिळून टाकते. बाळ रडलं की आणखी येतं. पावडरचं दूध बाळ थुंकतं. जावई बाटली घेऊन येरझाऱ्या घालत होते. मी सगळं सांगितलं, तेल, डबा, बाबा, हातमोजे. काही गाळलं नाही. तपासनिसापासून डबा लपवला, तेही सांगितलं. तेव्हाच बोलले असते तर बाळ जन्मायच्या आधी ठकीचं खाणं थांबलं असतं. हेही मीच सांगितलं, कारण ते तिला कधी ना कधी सुचलंच असतं.

जावई बाटली घेऊन बाहेर गेले.

ठकी उठून मोरीत दूध पिळून आली. मग म्हणाली, "माझी पिशवी वेगळी भरायचीस ना? वरची?"

"हो."

"तिला जास्त तेल असायचं का? ती जास्त चमकायची. मी शेजारणीला दाखवायचे, बघा, माझ्या आईचा हात."

मला खोटं बोलता आलं असतं. तिने वाट बघितली.

"दोनदा चोळायचे," मी म्हटलं. "तुझ्याकडे ओल असते म्हणून."

तिने मान हलवली. रडली नाही. मी पाया पडले असते, पण लेकीच्या पाया पडून तिला आणखी शिक्षा कशाला? मी फक्त म्हटलं, "मला तुझं ताट राखायचं होतं गं." ती म्हणाली, "माहीत आहे, आई." तिचा आवाज चांगला होता. म्हणूनच मला सहन झाला नाही.

डॉक्टर म्हणतात, बाळाचा रंग हळूहळू निवळेल. बाकीचं काय, त्याचं चालणं, बोलणं, समज, ते तो वाढेल तसं कळेल.

२ मे

अजून इथेच आहे. स्वयंपाक जावई करतात. मी भांडी घासते, कपडे धुते, बाळाचे नव्हेत. कुणी नको म्हटलेलं नाही. पण मी उठले की ठकी आधी उठते.

आज दुपारी जावई कामावर होते. बाळ सारखं रडत होतं आणि ठकीला झोपेने उभं राहवत नव्हतं. मी दारात जाऊन थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. नखं अजून तशीच आहेत, कितीही घासली तरी जात नाहीत. मला माहीत होतं की हाताने लागत नाही, नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. ठकीलाही माहीत होतं.

तिने कपाट उघडलं. इस्पितळातून आलेल्या सामानात पातळ पांढऱ्या हातमोज्यांचं खोकं होतं.

"आई," ती म्हणाली, "हे घाल. मग घे त्याला."

मी घातले. नीट, बोट बोट ओढून, कुठे सुरकुती राहू नये असे. मग हात पुढे केले आणि तिने बाळ माझ्या हातांत दिलं. किती हलका आहे! माझ्याकडे बघून तो रडायचा थांबला. ठकी भिंतीकडे तोंड करून झोपली. मी संध्याकाळपर्यंत त्याला घेऊन बसले. हातमोज्यांतून त्याचं अंग गरम आहे की गार, ते मला कळलं नाही.